देवळाली ते डोंबिवली, भाडं ८१

भाचा सुट्टीला आलाय. सातवीतून आठवीत गेलाय आणि मोबाईल दिवसाला एकच तास असा त्याच्या आईचा हुकूम आहे, त्यामुळे उरलेले तेवीस तास तो माझ्या मागे. परवा संध्याकाळी मी ऑफिसचं काम घरी घेऊन बसले होते (अकाउंट्समध्ये आहे, मार्च संपला तरी आमचा मार्च संपत नाही) तर हा शेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, मावशी, एकाचा वर्ग एक, अकराचा एकशे एकवीस, एकशे अकराचा बारा हजार तीनशे एकवीस, मग नऊ वेळा एक लिहून वर्ग केला तर?

समोर स्प्रेडशीट उघडीच होती. म्हटलं थांब, आत्ता सांगते. १११११११११ गुणिले १११११११११. आधी तर तिने १.२३४५७ई+१६ असलं काहीतरी दाखवलं, मग मी सेल जरा रुंद केला, फॉरमॅट बदलला, आणि उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००.

भाचा खूश. आठापर्यंत चढला, नऊला टोक, मग उतरला, बघ मावशी डोंगर! पण शेवटी दोन शून्यं का, असं त्याचं त्यालाच वाटलं, आणि तेवढ्यात मागून बाबा (माझे बाबा, म्हणजे त्याचे आजोबा, बँकेतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली पण आकडा दिसला की मान आपोआप वळते) म्हणाले, अगं ताळा बघ की.

आता ताळा हा शब्द ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज करायची, दोन अंकी आली तर परत करायची, एक अंक उरेपर्यंत. गुणाकार बरोबर असेल तर दोन्ही संख्यांच्या ताळ्यांचा गुणाकार आणि उत्तराचा ताळा जुळलाच पाहिजे. नऊ एकांचा ताळा ९. नव नवे एक्याऐंशी, आठ आणि एक नऊ. म्हणजे उत्तराचा ताळा ९ यायला हवा. स्प्रेडशीटच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज बाबांनी पाच सेकंदात केली, ७८, म्हणजे १५, म्हणजे ६. ताळा चुकला! पासष्ट हजारांच्या लॅपटॉपला पंच्याहत्तरीच्या माणसाने तोंडी पकडलं.

मग मी जरा इरेला पेटून ब्राउझरमध्ये ती प्रोग्रॅमर लोकांची खिडकी उघडतात ना, तिथे तोच गुणाकार टाकला. तिथे आलं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी शून्य. भाचा लगेच म्हणाला, एक गुणिले एक शून्य कसं होईल. बरोबर आहे, दोन्ही संख्या एकावर संपतात तर गुणाकार एकावरच संपायला हवा, त्याला ताळ्याचीसुद्धा गरज नाही.

मशीनचं काय चुकतं ते मला नंतर कळलं. कॉम्प्युटर साधारणपणे आकडे ज्या पद्धतीने साठवतो त्यात पूर्ण संख्या एकेक करून बिनचूक ठेवायची मर्यादा आहे दोनाचा त्रेपन्नावा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. सोळा अंकी. त्याच्या पुढे गेलात की पहिल्या टप्प्यात फक्त सम संख्या साठवता येतात, विषम संख्येला घरच नाही. आपली संख्या सतरा अंकी आणि विषम, म्हणून ती शेजारच्या सम संख्येच्या घरात ढकलली जाते, ३२० वर. आणि स्प्रेडशीट तर मुळात पंधराच अंक दाखवते आणि पुढे शून्यं लावून देते, म्हणून ३००. हे कळल्यावर मला जरा धडकीच भरली कारण आमच्याकडे लांबलचक खाते क्रमांक असलेल्या शीट्स आहेत, पण तो विषय वेगळा.

शेवटी बाबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून दिलं आणि हातानेच करायला बसवलं. आणि खरं सांगते, हाताने केल्याशिवाय ही संख्या समजतच नाही.

नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळीत नऊ एक, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. पानावर एक तिरकी पट्टी तयार होते, नुसत्या एकांची. आता उभे रकाने बघा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. असं वाढत वाढत नवव्या रकान्यात नऊ, आणि मग परत आठ, सात, कमी होत शेवटी एक. रकाने सतरा. बेरीज म्हणजे प्रत्येक रकान्यात किती एक आहेत ते फक्त मोजायचं आणि खाली लिहायचं, कारण एकाही रकान्यात नऊच्या वर काही जात नाही.

१२३४५६७८९८७६५४३२१.

भाच्याने लिहिलं आणि मग त्याने जे वाक्य टाकलं ते मला अजून आठवतंय, म्हणाला, यात हातचा एकदापण आला नाही.

तेच! ही सगळी पोस्ट मी त्या एका वाक्यासाठी लिहितेय. या संख्येचं जे काही सुंदर आहे ते सगळं हातचा न आल्यामुळे आहे, आणि हातचा आला की काय होतं ते पुढे सांगते, ते जास्त मजेशीर आहे.

आधी ही संख्या वाचायची कशी. स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आपल्या रोजच्या भाषेत एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीचे कोटी. बाबांना मात्र जुनी नावं पाठ आहेत, एकं दहं शतं पासून सुरू करून अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा घरं आहेत ती. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे तिचा पहिला एक ‘मध्य’ या घरात बसतो आणि परार्धाचं एक घर रिकामं राहतं. मध्य नावाचं घर शेवटून दुसरं कसं काय, हा भाच्याचा प्रश्न, त्याला बाबांनी चहा मागवून बगल दिली.

अंकांची बेरीज ८१. का? कारण पानावर नऊ गुणिले नऊ म्हणजे एक्याऐंशी एक लिहिलेले होते आणि हातचा न आल्याने त्यातला एकही वाया गेला नाही, सगळेच्या सगळे उत्तरात उतरले. आणि गंमत म्हणजे या ८१ ने आपल्या संख्येला पूर्ण भागही जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. (या आकड्यात आठ नाहीये बघा. टायपो नाही. येते त्याच्याकडे.)

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो त्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात. हर्ष देणारी. बारा हर्षद आहे, एक अधिक दोन तीन, बाराला तीनने भाग जातो. अठरा हर्षद आहे. हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी, आणि आता या माणसाबद्दल बोलावंच लागेल कारण ही सतरा अंकी संख्या एका अर्थाने त्यांच्याच घरची आहे.

कापरेकर म्हटलं की सगळ्यांना ६१७४ आठवतं. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, परत तेच करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर येऊन अडकता. ते ठीकच आहे, पण त्यांचं बाकीचं काम लोकांना फारसं माहीत नसतं. जन्म १९०५, डहाणू. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन, तिथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. बीएस्सीच्या पुढे पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही, शाळा सुटल्यावर वहीत आकडे. बाहेरच्या जगाला त्यांचं नाव नीट कळलं ते १९७५ मध्ये, गणितातल्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा, म्हणजे वयाच्या सत्तरीत. १९८६ मध्ये देवळालीलाच गेले.

तर या कापरेकरांनी १, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालिकेचा अभ्यास केला आणि १९३८ मध्ये मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. संख्यांना नाव दिलं डेम्लो. डेम्लो कोण? कोणी ग्रीक गणिती? नाही हो. डेम्लो म्हणजे डोंबिवली! तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर (आजची मध्य रेल्वे), मुंबईपासून तीस मैलांवर, डेम्लो नावाचं स्टेशन होतं, त्यालाच आज आपण डोंबिवली म्हणतो, आणि या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली म्हणून ते नाव.

मी डोंबिवलीत लहानाची मोठी झाले. रोज सकाळी त्या स्टेशनवर उभी असते. त्या गर्दीत मला आत्तापर्यंत फक्त एवढंच गणित सुचलंय की पुढची फास्ट किती मिनिटांनी आहे आणि तिच्यात शिरायचे चान्सेस किती. आणि या माणसाला तिथे एक अख्खी संख्यांची जात सुचली. मान्य, तेव्हा गर्दी नसणार.

डेम्लोची त्यांची व्याख्या नुसती डोंगरापुरती नव्हती. संख्येचे तीन तुकडे पाडायचे, डावा, मधला, उजवा. मधल्या तुकड्यात एकच अंक असतो, एकदा किंवा कितीही वेळा. आणि डावा अधिक उजवा केला की तोच अंक परत परत आलेली संख्या मिळायला हवी. १२३४३२१ घ्या. १२३ आणि ३२१, बेरीज ४४४, मध्ये ४. जमलं. आता आपली मोठी संख्या. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा, ९९९९९९९९. आठ नऊ. भाच्याने हे स्वतः करून बघितलं आणि मग दोन मिनिटं काही बोलला नाही, जे आमच्याकडे रेकॉर्ड आहे.

थोडं आतून पण बघू. नऊ एकांचे अवयव पाडले तर ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. वर्ग आहे म्हणून प्रत्येक अवयव दुप्पट वेळा, म्हणजे तीन चार वेळा आणि बाकीचे दोन दोन वेळा. एकूण विभाजक ४५. पण मला जास्त आवडलं ते हे की तीन सदतीस १११ होतात आणि ३३३६६७ ची तिप्पट होते १००१००१. म्हणजे आपली संख्या म्हणजे १२३२१ गुणिले १००२००३००२००१. नीट बघा, दोन्हीत १-२-३-२-१ आहे, एक चिकटून बसलेला, एक अंतर सोडून बसलेला. मोठ्या डोंगराच्या पोटात दोन छोटे डोंगर. ही दुसरी संख्या लिहून झाल्यावर बाबा म्हणाले रांगोळीचे ठिपके वाटतात.

आणि हे फक्त आपल्या दशमान पद्धतीपुरतं नाही. हातचा येत नाही एवढंच लागतं ना, मग कोणी सोळाच्या हिशोबाने मोजत असेल, कॉम्प्युटरवाले मोजतात तसं, तरी नऊ एकांचा वर्ग असाच दिसणार, १२३४५६७८९८७६५४३२१. संख्या वेगळी, दिसायला तीच. बारात मोजा, वीसात मोजा. दहा किंवा त्याहून मोठा कुठलाही पाया घ्या, हे सतरा अंक म्हणजे वर्गच.

बरं. आता दहा एक घेऊ. भाच्याचा पुढचा प्रश्न तोच होता, आणि त्याची अपेक्षा होती की मध्ये १० येईल, म्हणजे ...८९१०९८... असं काहीतरी. येत नाही.

रकाने बघा. १ ते ९, मग दहावा रकाना दहाचा, मग परत ९ ते १. उजवीकडून उतरत आलो तर १, २, ३... ९ व्यवस्थित लिहून झाले. मग दहाचा रकाना. शून्य लिहिलं, हातचा एक. पुढे ९ चा रकाना, त्यात हातचा एक मिळून दहा. परत शून्य, परत हातचा एक. पुढे ८ चा रकाना, हातचा मिळून ९. नऊ लिहिला, हातचा संपला. पुढे ७, ६, ५ नेहमीप्रमाणे. उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१.

डोंगराचं शिखर कोसळलं आणि तिथे दोन शून्यांचा खड्डा पडला. डावीकडचा ८ गायब, तो ९ झाला. उलटसुलट सारखी वाचता येत होती ते गेलं. अंकांची बेरीज? शंभर एक लिहिले होते, पण बेरीज येते ८२. अठरा कमी, कारण प्रत्येक हातचा म्हणजे दहा एकांच्या बदल्यात एकच एक, नऊचा तोटा, आणि हातचे दोन. माझ्यासारखीला हे फार पटतं, एन्ट्री कुठे गेली ते सापडलं की झोप लागते. हर्षदही राहिली नाही, ८२ म्हणजे दोन गुणिले एक्केचाळीस, त्यातल्या ४१ ने या संख्येला भाग जातो पण संख्या विषम, दोनने जात नाही. थोडक्यात हुकली. आणि हो, ही एकोणीस अंकी झाली, म्हणजे बाबांची परार्धापर्यंतची अठरा घरंही संपली. सगळंच एकदम संपतं.

त्या ८ चं आता. १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ येतं, आठ वगळून. ही संख्या शाळेत जादूसाठी वापरतात, तुझा आवडता अंक सांग, पाच? मग हिला पाच नवे पंचेचाळीसने गुण, ५५५५५५५५५. हे मला माहीत होतं, पण आठ का नाही हे कधी कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आता बघा, एक भागिले नऊ म्हणजे ०.१११११... न संपणारे एक. त्याचा वर्ग म्हणजे एक भागिले एक्याऐंशी. म्हणजे ‘अनंत एकांचा वर्ग’ असं समजा. रकाने १, २, ३ असे वाढत जातात आणि कधी उतरतच नाहीत, ९, १०, ११, १२... मग दहाच्या रकान्यातला हातचा नऊवर येतो, नऊचे दहा होतात, त्याचा हातचा आठवर जातो, आठाचे नऊ होतात. म्हणून १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... आणि हेच चक्र फिरत राहतं. आठ कुठे गेला नाहीये, तो नऊ बनून बसलाय. मूळ नऊ शून्य झालाय. दहा एकांच्या वर्गात जे झालं तेच, फक्त न संपणारं.

इथपर्यंत मला वाटत होतं की दहा म्हणजे नुसती मोडतोड. पण रात्री भांडी आवरताना डोक्यात तेच, तर एक गोष्ट सुचली आणि मी ओल्या हाताने फोनवर बेरीज केली.

कापरेकरांच्या नावाची अजून एक संख्यांची जात आहे, कापरेकर संख्या. ४५ घ्या, वर्ग २०२५, मधून तोडा, वीस अधिक पंचवीस, पंचेचाळीस. २०२५ साल लागलं तेव्हा हे फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर चार जणांनी चार वेळा टाकलं होतं. ५५ चा वर्ग ३०२५, तीस अधिक पंचवीस, पंचावन्न. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ अधिक २०९, परत ७०३. वर्ग करून तोडला आणि जोडला तरी मूळ संख्या परत मिळते.

आता नऊ एकांचा वर्ग तसा तोडला, उजवीकडे नऊ अंक ठेवून, तर १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. सुंदर, पण नऊ एक परत आले नाहीत, नऊ नऊ आले. कापरेकर संख्या नाही.

आणि दहा एकांचा मोडका वर्ग? उजवीकडे दहा अंक ठेवा. डावीकडे उरतात १२३४५६७९०. उजवीकडे ०९८७६५४३२१. बेरीज करा.

११११११११११.

दहा एक! परत मिळाले! त्या मोडलेल्या, खड्डा पडलेल्या संख्येच्या दोन तुकड्यांत अख्खे दहा एक शाबूत होते. दहा एकांची संख्या ही कापरेकर संख्या आहे. मी स्वयंपाकघरातून ओरडलेच, आणि घरातले दोघंही (एक सातवी पास, एक पंच्याहत्तर पास) धावत आले, त्यांना वाटलं झुरळ.

कारण सांगते, बाबांनीच सांगितलं, म्हणाले हा ताळ्याचाच मोठा भाऊ आहे. एकेक अंक तोडून बेरीज केली की नऊने भागून उरणारी बाकी तीच राहते, तसं दहा दहा अंकांचे तुकडे तोडून बेरीज केली की दहा वेळा नऊ लिहून होणाऱ्या संख्येने भागून उरणारी बाकी तीच राहते. वर्गातून मूळ संख्या वजा केली तर ११११११११११ गुणिले १११११११११० उरतं. यातल्या दुसऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज नऊ, दहापैकी एकाच्या जागी शून्य आलं म्हणून नऊच एक उरतात, म्हणून नऊने भाग जातो, म्हणून पूर्ण गुणाकाराला दहा नवांच्या संख्येने भाग जातो. म्हणून बाकी सारखी. नऊ एकांच्या बाबतीत दुसरी संख्या ११११११११०, तिथे वजा केल्यावर शेवटचा एक जाऊन आठच उरतात, आठला नऊने भाग नाही. म्हणून तिथे जमत नाही.  (हे आकडे टाइप करताना डोळे फिरतात, माझ्यासारखंच वाचणाऱ्याने पण एकदा बोट ठेवून मोजावं.)

म्हणजे नऊ एकांचा वर्ग डेम्लोचं शिखर आणि दहा एक कापरेकर संख्या. एका माणसाने दिलेल्या दोन जाती, मध्ये फक्त एका एकाचं अंतर.

एवढ्यावर झोपायला हरकत नव्हती. पण भाचा म्हणाला, अजून काय शोधलं त्यांनी? म्हटलं स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्यायची, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १५ अधिक ६, २१. म्हणजे २१ चा जनक १५. काही संख्यांना दोन जनक असतात, १०१ ला ९१ पण आहे आणि १०० पण. आणि काहींना जनकच नसतो, २० घ्या, कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० करता येत नाही. अशा बिनबापाच्या संख्या म्हणजे स्वयंभू, आणि यांना देवळाली संख्या असंही नाव आहे, कापरेकरांच्या गावावरून.

मग आपली डोंगरवाली स्वयंभू आहे का? भाच्याचं मत होतं असणारच, एवढी रुबाबदार आहे. शोधून बघू म्हटलं, सतरा अंकी असली तरी अवघड नाही. जनक तिच्यापेक्षा फार लहान असू शकत नाही, कारण सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३. म्हणजे पहिले चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, तेच राहणार, फक्त शेवटचे तीन बदलणार. त्या चौदा अंकांची बेरीज ७५. मग शेवटचे तीन अंक असे हवेत की ते अधिक त्यांची बेरीज अधिक ७५ म्हणजे ३२१, म्हणजे पंच्याहत्तर काढून २४६. थोडं चाचपडून सापडलं, २४०. २४० अधिक २, अधिक ४, २४६. दुसरं काहीच बसत नाही. म्हणजे जनक आहे, एकच आहे, १२३४५६७८९८७६५४२४०, आणि त्याच्या अंकांची बेरीज... ८१. बरोब्बर ८१ मागे. भाचा जरा हिरमुसला.

मग मी म्हटलं आता या जनकाचा जनक शोध. तीच रीत. आता २४० मधून ७५ गेले, १६५ हवेत. शतकाच्या जागी १ घेतला तर दशकाच्या अंकाची अकरापट अधिक एककाची दुप्पट मिळून ६४ हवी. दशक चार घेतलं तर एकक दहा येतो, दोन घेतलं तर एकवीस, शून्य घेतलं तर बत्तीस. विषम घेतलं तर सम होतच नाही. सहा घेतलं तर ६४ च्या वर जातं. शतक शून्य घेतलं तर कितीही ओढा, १६५ पर्यंत पोचत नाही. दोन घेतलं तर आधीच पुढे गेलो. नाही. जनक नाही.

१२३४५६७८९८७६५४२४० स्वयंभू आहे. देवळाली संख्या.

म्हणजे देवळालीहून गाडी सुटली आणि पुढचंच स्टेशन डोंबिवली, मध्ये एकही थांबा नाही, भाडं ८१. खऱ्या आयुष्यात कल्याणला उतरून लोकल पकडावी लागते.

भाच्याने तेवढ्यात पेन्सिल उचलली होती, डोंबिवलीच्या पुढचं स्टेशन काढायला. १२३४५६७८९८७६५४३२१ अधिक ८१, १२३४५६७८९८७६५४४०२. मग त्याने याचीही अंकांची बेरीज केली, परत ८१ आली, माझ्याकडे बघितलं, आणि बाबा म्हणाले लिही, कोपर, भाडं तेवढंच.